मेसाईपाशी इंजिन बंद

१९ जानेवारी
पुन्हा शर्यत! रोहित पक्षी उतरले की उजनीवर होडीवाल्यांच्या अंगात येतं. एक थवा आणि मागे दहा होड्या. आधी पोचेल त्याच्या लोकांना फोटो चांगले. सगळ्यात पुढे कोण? आमचे हे. सयाजी! (तोंडानं नाव घेत नाही, कागदावर काय हरकत?) आणि बुडू नये म्हणून घालायची जाकिटं सगळी फळीखाली. का, तर म्हणे, "घातली की फोटोत जाड दिसतंय म्हनत्यात."

२६ जानेवारी
सुट्टीची जत्रा. लोकांनी गाड्या थेट तोडलेल्या उसाच्या रानात घातल्या. आणि आज व्हायचं तेच झालं — सयाजीच्याच भरधाव होडीचा तळ खाली कशाला तरी घासला, इंजिनाच्या पंख्याचं पातं वाकलं. होडीत बाया होत्या, एक तान्हं होतं!
आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ऐकून आधी नेमकी जागा कुठली ते विचारत राहिल्या. तिथं धरणात बुडालेलं आमचं जुनं गाव आहे. पाणी सोडायला लागले की रोज थोडं उतरतं, आणि त्या भिंती होड्यांच्या तळाला लागायला लागतात. सयाजीला सांगितलं तर, "मला काय हुत न्हाय." राग आला, रडूही आलं. ह्या माणसाला काही झालं तर मी काय करू?

२७ जानेवारी
मीच होडी वल्हवत नेली. आत्याबाईंनी समोरची टेकडी बघितली, काठावरची चिंच बघितली, दोन्हींवरून जागा ताडली. "हितं. रोव." वेळूला लाल कापड बांधून रोवला.

२ फेब्रुवारी
कुणीतरी वेळू उपटून त्याच्यासोबत फोटो काढले. घ्या!

३ फेब्रुवारी
आत्याबाई सकाळीच ट्रंक उघडून बसल्या. नवा वेळू, त्याला हिरवा खण, बांगड्या, नारळ, वर हळदकुंकू. रोवून आलो, तशा काठावर उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तितं पान्यात मेसाई हाय. इंजिन लावून अंगावर जाल तर बघा!"
जुन्या गावात मेसाईचं देऊळ होतं का, विचारलं. "लई इचारू ने."

९ फेब्रुवारी
बंद! एकेका होडीचं इंजिन बंद! खणाच्या अलीकडेच. सयाजीनंही हात जोडले, वर लोकांना दम — "जाकिटं घाला, देवी लई कडक हाय!" मला हसू आवरेना. बायको सांगून दमली, आई सांगून दमली. देवीचं मात्र लगेच पटलं.

२ मार्च
हे एक भलतंच झालं. लोक आता मेसाईलाच यायला लागलेत! नारळ काय, ओट्या काय, पाण्यात तरंगणाऱ्या पिशव्या काय. गोळा करता करता माझी कंबर गेली. पण येतात हळू, वल्ह्यानं. आज कुर्डुवाडीच्या शाळेची सहल होती. पोरं जाकिटांत नुसती फुगलेली! एकही रोहित उडाला नाही, पोरंही गप्प बसून बघत राहिली. फार बरं वाटलं.
तरी धाकधूक आहे. देवी खोटी निघाली तर? पुन्हा शर्यत.

१३ एप्रिल
पाणी भराभर उतरतंय. सयाजी खुशीत. "देऊळ उघडं पडलं की पूजा घालू." आत्याबाई भाकरी थापत राहिल्या.

२० एप्रिल
उघडं पडलं.
देऊळ नाही. एका घराची पडकी भिंत. कोपऱ्याचा दगड सुळ्यासारखा वर आलेला. खाली उंबरा, शेजारी फुटकं जातं.
"आये, मेसाई कुटाय?" सयाजीनं विचारलं.
"मेसाई कुटली? माजं घर हाय त्ये. ह्याच उंबऱ्यावरचं माप वलांडून मी आत आले. त्याच्यावरच माजं पोरगं होडी घालाय लागलं, मग काय करू?"
आता देवी नाही हे सयाजीला कळलं. पुढच्या हंगामात काय करील?

२१ एप्रिल
सकाळी एकटाच होडी घेऊन गेला. मी काठावरून बघत होते. इंजिन लांबूनच बंद केलं. मग उतरला, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि आत गेला.