सरकत्या छतातले तांदूळ

रविवार, २७ जुलै १९५८

गाडी विकायची ठरली! मला विचारलं नाही – मामंजींनाही नाही. ह्यांनी पूजा आटोपून बाहेर येता येता सांगून टाकलं. येलहंक्याचे एक डॉक्टर घेणार आहेत. ह्यांच्या साहेबांचे मेहुणे, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही. शब्द दिलेला आहे. डॉक्टरांची अट एकच – छत गळता कामा नये.

सासूबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून गाडी शेडमध्ये उभी आहे आणि मामंजी व्हरांड्यातल्या खुर्चीत. त्यांची नजर गेलीच आता, उजेड-अंधार तेवढा कळतो. बोलणं म्हणजे 'हूं' आणि 'पुरे'. गाडीचं ऐकून 'हूं'सुद्धा केलं नाही.

मंगळवार, २९ जुलै

कल्लाप्पा मेकॅनिक येऊन गेला. गाडीच्या छताचा मधला तुकडा मागे सरकतो, म्हणजे सरकायचा. आता गंजून घट्ट बसलाय आणि पाऊस पडला की ड्रायव्हरच्या सीटवर थेंब. कल्लाप्पाने खालून वर पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "अक्का, स्वल्प डांबर भरून कायमचं बंद करू. सरी?"

मी 'बरं' म्हणणार तोच व्हरांड्यातून आवाज आला – "डांबर लावायचं नाही."

एका दमात तीन शब्द! मी धावत गेले. मग काय करायचं, मामंजी?

"आधी उघडायचं. उघडल्याशिवाय कळणार कसं?"

कल्लाप्पाला कॉफी देऊन वाटेला लावलं. उघडणार कोण, हा प्रश्न उरला. ह्यांना खिळा ठोकता येत नाही, कोटाला डाग पडेल म्हणून सायकलसुद्धा लांबून धरतात. उरले मी. मला लहानपणापासून खोडच आहे – माहेरी धारवाडला काकांचं घड्याळ मी उघडलं होतं. (ते मिटलं नाही, ती गोष्ट वेगळी.)

गुरुवार, ३१ जुलै

मामंजींना हात धरून शेडमध्ये नेलं. खुर्चीही नेली. ते सांगतात, मी करते. सांध्यात रॉकेल सोडायचं, फडक्याने टिपायचं, पुन्हा सोडायचं. जोर करायचा नाही. मी जोर केला. अंगठा सोलवटला. न दिसता त्यांना कळलं कसं कोण जाणे, म्हणाले, "सांगितलं होतं."

संध्याकाळी ह्यांनी सायकल शेडमध्ये लावता लावता विचारलं, अण्णा (म्हणजे मामंजी) काय म्हणाले? छताचं काय झालं ते नाहीच! मी इथे अंगठ्याला हळद लावून बसलेय.

रविवार, ३ ऑगस्ट

सरकलं!! चार बोटं. मग वीत. मग सगळं. आणि गाडीत एकदम ऊन आलं. मामंजी आत बसले होते, त्यांच्या तोंडावर पडलं. ते तसेच वर तोंड करून बसून राहिले. मी पाना पुसत बसले.

मंगळवार, ५ ऑगस्ट

आज खरी मजा कळली. मला वाटत होतं छत पाणी अडवतं. मुळीच नाही! पाणी आत येणारच, असं धरूनच ते केलंय. फटीतून आलेलं पाणी कडेच्या पन्हळीत पडतं आणि चार कोपऱ्यांतल्या चार नळ्यांतून खाली चाकांपाशी निघून जातं. नळ्या शिसपेन्सिलीएवढ्या बारीक, खांबांच्या आतून गेलेल्या. डांबर भरलं असतं तर पाण्याने कुठेतरी आतच साठून पत्रा खाल्ला असता. ज्याने हे डोकं चालवलं त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

म्हणजे गळण्याचं कारण एकच – नळी तुंबलीय. कशाने?

बुधवार, ६ ऑगस्ट

सायकलच्या ब्रेकची जुनी तार घेतली, उजव्या कोपऱ्यातल्या नळीत घातली. वीतभर गेली, अडली. ओढून काढली तर टोकाला काळपट लगदा. माती असेल म्हणून बोटांनी चुरडला – तांदूळ! कुजून दगड झालेले, मधूनच कुंकवाचा लाल थर. पुन्हा तार, पुन्हा तांदूळ. चारही नळ्यांतून मिळून वाटीभर निघाले.

मामंजींच्या तळहातावर ठेवले. त्यांनी चाचपले, वास घेतला. मग म्हणाले, "आयुधपूजा."

दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, सासूबाई गाडीवर अक्षता टाकायच्या. लोक चाकांवर टाकतात, बॉनेटवर टाकतात. ह्या म्हणे छत थोडं मागे सारून फटीत टाकायच्या, म्हणजे आत-बाहेर दोन्हीकडे आशीर्वाद. अकरा वर्षं. तांदूळ पाण्यात फुगले, बसले.

"चिमूटभर कधी टाकल्याच नाहीत तिने," मामंजी म्हणाले आणि हसू लागले. हसता हसता डोळे पुसले. माझेही भरून आले. मग सासूबाईंबद्दल तासभर बोलत होते. लग्नानंतर सात वर्षांत मी ऐकलं नव्हतं एवढं.

संध्याकाळी ह्यांचा प्रश्न ठरलेला – अण्णा काय बोलले? सगळं सांगितलं. हे न जेवता ऐकत राहिले, ताटातलं वरण गार झालं.

रविवार, १० ऑगस्ट

तांब्याने पन्हळीत पाणी ओतलं, चाकांपाशी चारी ठिकाणी धार! झालं की काम.

मामंजी म्हणाले, झालं कुठे? छत तिरकं सरकतंय, आवाजावरून कळतं. डाव्या बाजूचा पितळी तुकडा झिजला असणार.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

ह्यांना सुट्टी. सकाळी झेंड्याला जाऊन आले आणि शेडच्या दारात उभे राहिले. मी कानशीने पितळ घासतेय, मामंजी दर दोन मिनिटांनी तुकड्यावरून बोट फिरवून 'अजून', 'अजून' म्हणतायत. हे अर्धा तास उभे! आत या म्हटलं तर म्हणाले, नको, माझी अडचण होईल.

मंगळवार, १९ ऑगस्ट

छत लोण्यासारखं सरकतंय. कडेला मामंजींच्या जुन्या कोटाची बनात कापून चिकटवली. उद्या शेवटची पाण्याची परीक्षा.

बुधवार, २० ऑगस्ट

आत थेंब! उजव्या कोपऱ्यातच.

तार घातली. तांदूळ. पण हे काळे नाहीत. पिवळेधमक, ओल्या हळदीचे. कालपरवाचे!

चिमण्यांनी टाकले म्हणावं तर त्यांना हळद कुठून मिळणार? देवघरात जाऊन अक्षतांची वाटी पाहिली – तळाला गेलीय. मी गेल्या आठवड्यात भरली होती.

विचार करायला फार वेळ लागला नाही. छत नीट झालं की गाडी जाणार. गाडी गेली की पुन्हा ती खुर्ची आणि 'हूं'. हे माझ्याइतकंच आणखी एका माणसाला माहीत आहे. त्यांना शेडपर्यंतची पावलं आता पाठ आहेत, भिंतीला हात लावून एकटे जातात.

नळी साफ केली. कोणाला सांगितलं नाही. मामंजींना म्हटलं, थोडं काम राहिलंय. ते म्हणाले, बरं. फार खूश दिसले.

सोमवार, २५ ऑगस्ट

आता करण्यासारखं काही उरलं नाही. ह्यांना तसं सांगून टाकलं, खोटं किती बोलणार? हे म्हणाले, मग डॉक्टरांना रविवारी बोलावतो. भाजी आणतो म्हणावं तशा सुरात!

काय ही माझी तऱ्हा. नीट व्हावं म्हणून महिनाभर बोटं सोलली आणि नीट झालं म्हणून रडू येतंय. मला ह्यांचा राग आलाय. वडील दोन वर्षांनी बोलू लागले, ते ह्यांना दिसत नाही का?

शनिवार, ३० ऑगस्ट

पुन्हा पाणी ओतून पाहिलं. चारी धारा स्वच्छ.

रविवार, ३१ ऑगस्ट

डॉक्टर आले. पांढरी पँट, मोठा आवाज. छत पुढे-मागे सरकवून पाहिलं, बाईने केलंय ऐकून भुवया वर केल्या. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसले – ओता पाणी!

मी तांब्या उचलला तर ह्यांनी तो माझ्या हातातून घेतला. "मीच ओततो." ह्यांनी! गाडीला कधी बोट न लावलेल्यांनी! आणि तांब्या नाही, बादलीच आणली.

डॉक्टरांच्या मांडीवर आधी एक थेंब, मग धारच. पांढऱ्या पँटला पिवळा डाग. डॉक्टर उतरले, असली भानगड आम्हाला नको म्हणाले, कॉफीही न घेता गेले. हे फाटकापर्यंत क्षमा मागत गेले.

मी पदराने तोंड दाबून शेडच्या मागे उभी होते.

सोमवार, १ सप्टेंबर

हे ऑफिसला गेल्यावर मामंजींना सरळ विचारलं. मामंजी, मी रागावणार नाही. अक्षता तुम्ही टाकल्या ना?

ते चकित झाले. त्यांना खोटं बोलता येत नाही, तोंडावर दिसतं.

"मी नाही," म्हणाले. "मला वाटलं, तू."

गुरुवार, ४ सप्टेंबर

धोबी आला. ह्यांच्या ऑफिसच्या कोटाचे खिसे उलटे केले – रुमाल, सायकलची किल्ली, आणि डाव्या खिशाच्या शिवणीत अडकलेले सात-आठ पिवळे तांदूळ.

पुन्हा खिशात घातले. धोब्याला सांगितलं, हा कोट पुढच्या खेपेला.