श्रावणातला कढीपत्ता

आई,

कढीपत्त्याला आज पालवी फुटली. तुझ्या झाडाच्या मुळाशी आलेलं पिल्लू ते. चाळ पडली तेव्हा कुंडीसकट उचललं आणि दादरलाच, त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर आणलं. गेला महिनाभर मी त्याच्यापुढे हात टेकले होते. तू गेल्याला इतकी वर्षं झाली. भांडी मोडीत गेली, साड्या विरल्या, तुझ्या हातचं जिवंत असं हे एवढंच उरलेलं, आणि तेही डोळ्यांदेखत पिवळं पडत चाललं होतं. फार घाबरले होते गं.

आधी खालची पानं पिवळी झाली, मग गळायला लागली. तुझ्या जावयाने फोनमध्ये डोकं घालून निदान केलं, "नत्र कमी पडतंय." मी उत्साहाने युरिया आणला आणि चांगला मूठभर घातला. उरलेल्या पानांची टोकं करपली. तेव्हा हे म्हणतात, "अगं, चिमूटभर घालायचा असतो!" आधी बोलायला काय तोंडाला कुलूप होतं? मग दोघांनी बादल्या ओतून कुंडीतली माती धुऊन काढली. झाडाच्या दोन काड्या तेवढ्या उरल्या.

त्या काड्यांकडे बघताना तुझं स्वयंपाकघर आठवलं. मी ओट्याला टेकून घोकते आहे, नत्र, स्फुरद, पालाश. तू तांदूळ धुते आहेस. "नावं तू पाठ कर," तू म्हणतेस, "जेवायला मी घालते." तांदळाचं धुवण तुळशीला, केळ्याची सालं मोगऱ्याच्या मुळाशी, आंबट ताक आणि मासळी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. त्या पाण्यावर लगेच मूठभर माती, वास येऊ नये म्हणून. श्रावणात मात्र त्याला नुसतं ताक. एका श्रावणात शेजारच्या काकूंनी मासळीचं पाणी आणून दिलं, तर तू ते दारातूनच परत पाठवलंस. "आपण श्रावण पाळायचा आणि आपल्या झाडाने मासे खायचे? शोभतं का?" ऑफिसात साहेबालाही सुनावणारी तू, झाडाला कुठली सोडणार!

आता आमच्याकडे मासळी साफ होऊन, धुऊन डब्यातून घरी येते. दही लावणं तर केव्हाच सुटलं, त्यामुळे आंबट ताकही नाही. झाडाला वाढावं असं घरात काही उरतच नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. विरजण त्याच दिवशी लावलं. पण मासळीचं काय? श्रावण लागला होता. महिनाभर थांबायचं म्हटलं तर झाड थांबेल याची खात्री नव्हती. दोन दिवस तुझ्या फोटोसमोरून जाताना मी मान वर केली नाही. मग पिशवी घेऊन सरळ मंडईत गेले.

कोळीण रिकामीच बसली होती. "काय गो ताय, सरावन पालत नाय का तू?" मी म्हटलं, "मला नकोय, झाडाला हवंय." ती एवढी हसली की शेजारचीही वळून बघायला लागली. "झाराला कोलंबी? मंग मसाला पन ने की त्याला!"

घरी येऊन कोलंबी मी स्वतः सोलली, कितीतरी वर्षांनी. धुतलेलं पाणी पातळ करून कुंडीत घातलं, सालं मातीत खोल पुरली, वर माती टाकली. मधूनमधून ताकही देत राहिले. आज एका काडीच्या टोकाला तांबूस-हिरवी, करंगळीच्या नखाएवढी पानं आहेत. चुरडून वास बघायचा मोह आवरला. मी खूप खूश आहे आई.

हे पत्र तुझ्या फोटोमागे ठेवायचं ठरवलं होतं. पण तू विचारशील, पाणी झाडाने प्यायलं, मग कोलंबी कुठे गेली? टाकून देववेना गं. कालवण केलं. दोघांनीही दोनदा भात घेतला. आणि तो सोमवार होता.

तेव्हा हे पत्र बारीक फाडून कुंडीतच घालते. वर मूठभर माती टाकते, वास येऊ नये म्हणून.