मिरवणुकीनंतर ठेवून घेतलेली सापीण
बाबा,
मिरवणुकीच्या समितीनं आपल्याला गोड बोलून फसवलं. संताच्या मूर्तीवर चढवलेला साप दुसऱ्या दिवशी रानात सोडायचा, ही आपली रीत. आणि हे समितीवाले म्हणतात, "लोरेता, रोमचे पाहुणे येईपर्यंत ठेव गं, फोटोपुरती." मी हो म्हणाले. सापीण खाईना, म्हणून काल जबडा उघडून अंडं कोंबलं. तिनं ते ओकलं, तिचं तोंडही सोलवटलं. ते पाप माझंच.

आता तिला हात लावू नका. मेलेला उंदीर गरम पाण्यात कोमट करून तिच्या पेटीत ठेवा, वर गोधडी टाका, डोकावू नका. स्वतःहून गिळला, तरच जगेल. मग जिथून आणली तिथंच सोडू.

मी समितीकडे चाललेय, साप मिळणार नाही म्हणून सांगायला. दरवर्षी तुम्हीच पकडता आणि तुम्हीच सोडता. मग मी हो म्हणाले तेव्हा तुम्ही गप्प का बसलात? आल्यावर मला उत्तर पाहिजे.