शंका आली की उलगड

२७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुला एक चुकीचं लिहिलं. ढग आले म्हणून विमान आम्हा सगळ्यांना घेऊन परत उतरलं, असं मी कळवलं होतं. ढग आले होते हे खरं, पण ते दुपारनंतर. आमच्या वेळी आभाळ स्वच्छ होतं. बाकीचे सगळे उड्या मारून गेले होते, आणि विमानातून परत उतरलो ते बाबा आणि मी, दोघंच. दार लावून घ्या म्हणून मीच ओरडले होते. बाबांच्या मांड्यांचे दोन्ही पट्टे सुटे होते. छातीचा लावलेला होता, म्हणून समोरून पाहणाऱ्याला सगळं नीट वाटत होतं. तशी उडी मारली असती तर पॅराशूट उघडलं असतं आणि बाबा त्यातून निसटले असते.

ते पत्र लिहिताना बाबा माझ्यासमोरच बसले होते. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही म्हणून सविस्तर लिहायला घेतलं, आणि नेमकं तेच गाळलं. बाबांचं म्हणणं की त्यात लिहिण्यासारखं काही नाही. पट्टे त्यांनी मुद्दाम सोडले होते, तपासनीस, म्हणजे मी, जागी आहे की झोपली ते पाहायला. तुला आठवतच असेल, मी लहान असताना ते अंगणात सगळा साज चढवून उभे राहायचे, एक पट्टा मुद्दाम सैल ठेवायचे, आणि मी तो शोधला की मला सलाम ठोकायचे. माझी पहिली शाळा तीच. अक्षरं नंतर आली. त्यामुळे त्यांचं म्हणणं मला खरं वाटलं. खरं म्हणजे, खरं वाटावं अशी माझी फार इच्छा होती. पण जमिनीपासून इतक्या उंचावर त्यांनी असली परीक्षा कधीच घेतली नव्हती.

गुडघ्याला विश्रांती हवी, या सबबीवर मी त्यांना तुझ्याकडे पाठवलं आहे. इथे थंडी पडली, मैदान बंद व्हायला आलं. दरवर्षीसारखं हिवाळ्यात कुठेतरी उबेला जायचं आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत उड्या मारायच्या, याचे बेत त्यांच्या डोक्यात चालूच आहेत. या वर्षी तर मला उड्या शिकवणारी करायची, असा त्यांचा हट्ट आहे. कुठलं मैदान निवडावं यावर ते तुझं डोकं खातील. खाऊ दे. तू फक्त त्यांच्याकडे बघ आणि तुला काय दिसतं ते मला लिही. वाकडी शिवण तुला लांबूनही कळते.

तुझ्या गुडघ्यांची काळजी घे. बाबांच्या गुडघ्यांना तसं काहीच झालेलं नाही, हेही सांगून ठेवते.

लोभ आहेच, हे पत्र वाचल्यावरही तेवढाच राहू दे.

तुझी,
भाची

*

२ नोव्हेंबर

चि. तपासनीस हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आत्याने मला बसवून खायला घालायचा विडा उचलला आहे. आणखी महिनाभर राहिलो तर मला दोन पॅराशूट लागतील. तेव्हा मी तेरा तारखेला, बुधवारी निघतो आहे.

हिवाळ्याचं बोलू. तीन मैदानं माझ्या मनात आहेत. पहिलं आपला तवा. ऊन हवं तेवढं, पाऊस नाही, आणि विमान नुसतं वरखाली करत असतं. पॅराशूटची घडी संपते न संपते तोच पुढची फेरी तयार. पण दुपारी वारा माजतो आणि जमीन अशी तापते की बोलायची सोय नाही. तिथे तू बुडावर आपटली होतीस आणि उभ्याने जेवत होतीस, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आत्याला काल सांगितलं.

दुसरं खारं मैदान. समुद्राच्या कडेला, उतरायला वाळू, म्हाताऱ्या पायांना बरी. सोट्या आता तिथला मुख्य झाला आहे म्हणे. माझा हा विद्यार्थी पहिल्या दिवशी विमानाचं दार धरून बसला होता, त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. पण वाळू कापडात शिरते आणि मग तू महिनाभर कुरकुरतेस. शिवाय तिथे जोडउड्या फार. उडी न शिकलेली माणसं छातीला बांधून खाली आणायची, म्हणजे पार्सलं पोचवायची. मी आयुष्यात इतकी पार्सलं पोचवली की पोस्टाने मला निवृत्तिवेतन द्यायला हवं. आता नको.

तिसरं बाईंचं मैदान. गवत गादीसारखं. बाई उशीर करणाऱ्याला फाडून खातात, म्हणून विमान वेळेवर सुटतं. माझं मन तिथेच आहे. त्यांना कळव की आम्ही येतो, आणि निळ्या दाराची खोली ठेवायला सांग.

माझ्या राखीव पॅराशूटची मुदत संपत आली आहे. ते तूच उघड आणि तूच भर, दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नकोस. हँडल मात्र मी ओढणार. बेडूक माझा आहे.

इथे आत्याला कपड्यांच्या घड्या करून देतो. पण या घरात फार बोलतात. घडी अर्ध्यावर आली की कुणीतरी मधे बोलतं आणि मला परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आपल्या टेबलावर बरं असतं.

हो, एक सुचलं. हिवाळ्यासाठी बाईंचं मैदान कसं वाटतं? गवत गादीसारखं आहे. विचार करून कळव.

जेवत जा. धागा तोडायला दात वापरू नकोस.

माया आहे, ती मुदतीशिवायची.

तुझे,
बाबा

*

३ नोव्हेंबर

चि. पोरीस,
आशीर्वाद.

आधी रागावून घेते. पट्ट्यांचं पहिल्याच पत्रात लिहायचं होतंस. मी काही काचेची नाही.

आता तू विचारलंस ते. दादा खातो, झोपतो, माझी खोड काढतो. शेजारच्या डॉक्टरीणबाईंना त्याने उडी मारायला तयार केलं होतं, मीच त्यांना खाली बसवलं. वरवर पाहिलं तर तो अगदी ठणठणीत आहे. म्हणून मी तुला दोन दिवस काही लिहिलं नाही.

काल वाळलेल्या चादरी त्याच्यापुढे टाकल्या. मी शिलाईयंत्रावर बसून बघत होते. चादर जमिनीवर अंथरली, कडेला कड लावली, गुडघ्याने दाबून हवा काढली. काय सुरेख हात चालतो गं त्याचा! अर्ध्यावर आला आणि थांबला. हातांकडे बघत राहिला. मग चादर झटकून पुन्हा अंथरली. पुन्हा तेच. तीच एक चादर, जेवणाची वेळ होईपर्यंत. शेवटी माझ्याकडे वळून चिडून म्हणाला की मी मधे मधे बोलते म्हणून त्याची घडी मोडते.

या घरात मी एकटी राहते. मी तोंडातून शब्द काढला नव्हता. शिलाईयंत्रसुद्धा थांबवलं होतं.

चुकलं म्हणाले. यापुढे बोलणार नाही असं कबूल केलं. मग तो शांत झाला आणि त्याने मला क्षमा केली. स्वयंपाकघरात जाऊन मी नळ सोडला आणि रडून घेतलं.

बाईंच्या मैदानाचं तो मला रोज नव्याने सांगतो. मी रोज नव्याने ऐकते.

तुला एक सुचवते. तेराच्या बुधवारी तो पोचला की सांग, पॅराशूटचं कापड विरलं. उन्हाने गेलं, आता भरवशाचं नाही. नवीन यायला वेळ लागेल, तोवर हिवाळा सरेल. मी शिंपीण आहे, कितीतरी गिऱ्हाइकांना मी असं सांगून नको ते शिवण्यापासून वाचवलं आहे. त्यात कुणाचा अपमान होत नाही, दोष कापडावर जातो. वहिनी असती तर तिने खरं ते एका वाक्यात सांगितलं असतं आणि वर चहा दिला असता. आपल्या दोघींत ती धमक नाही.

ममता आहेच तुझ्यावर, ती उसवणार नाही.

तुझी,
आत्या

*

९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि बाबांचं पत्र एकदमच हातात पडलं. आधी बाबांचं वाचलं आणि हसले, उभ्याने जेवण्याचं वाचून. मग तुझं वाचलं.

बाईंच्या मैदानावर आता गोदामं आहेत. बाई गेल्याला बराच काळ झाला. ती बातमी आली त्या दिवशी बाबा जेवले नव्हते आणि संध्याकाळभर विमानाच्या पंखाखाली बसून होते. हे तुला ठाऊक आहे. मलाच परत लिहून पाहायचं होतं, माझं तर काही चुकत नाही ना म्हणून.

कापडाचं सांगितलंस त्यावर मी खूप विचार केला. काल त्यांचं मुख्य पॅराशूट टेबलावर पसरलं आणि इंच इंच तपासलं. कुठे विरलेलं निघालं असतं तर मी देवाचे आभार मानले असते. शिवणी पक्क्या आहेत, दोऱ्या सारख्या आहेत. चांगल्या कापडाला वाईट म्हणायचं नाही आणि वाईटाला चांगलं म्हणायचं नाही, याच्याबाहेर बाबांनी मला काही शिकवलेलं नाही. मी कापड विरलं म्हणाले की ते खिडकीपाशी नेऊन उजेडात धरतील. त्यांची बोटं अजून चुकत नाहीत. मग पोरीला कापड कळेनासं झालं असं त्यांना वाटेल, आणि ते माझी काळजी करत बसतील. आणि समजा त्यांनी बोटांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला, तर ते मला त्याहून सोसणार नाही.

म्हणून मी वेगळं ठरवलं आहे. वेडेपणा वाटला तर मला थांबव.

हिवाळ्याला आम्ही खाऱ्या मैदानावर जाऊ. तव्यावर सावलीला झाडसुद्धा नाही, उडी न मारणाऱ्या माणसाने तिथे दिवस काढायचा कसा? खाऱ्यावर काठाला बाकं आहेत, तिथून सगळ्यांचं उतरणं दिसतं आणि कोण चुकलं यावर बडबडता येतं. मैदान निवडताना यापूर्वी मी बाकं कधी पाहिली नव्हती. सोट्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की वारा नसेल त्या सकाळी तो बाबांना स्वतःच्या छातीला बांधून खाली आणेल. जोडउडीत मागे बांधलेला माणूसच सगळं करतो, बाबांनी काही लक्षात ठेवायची गरज नाही. त्याला भीती एकाच गोष्टीची वाटते, बाबा त्याचे पट्टे तपासतील. मी म्हटलं तपासू दे. नंतर मी पुन्हा तपासेन.

पण बाबांना पार्सल व्हा असं सांगायचं कसं, यावर मी अडले होते. तेव्हा राखीवचं आठवलं.

तुला हे नीट सांगते, कारण तू ते कधी पाहिलेलं नाहीस. राखीव पॅराशूट आतल्या स्प्रिंगवर दाबून भरलेलं असतं. मुदत संपली की मालकाने जमिनीवर हँडल ओढायचं, म्हणजे ते खरोखर उघडतं की नाही ते कळतं. हँडल ओढलं की आतली छोटी छत्री टुणकन उडून बाहेर पडते. लहानपणी मी तिला बेडूक म्हणायची. बेडूक छतापर्यंत जायचा आणि बाबा दर वेळी दचकल्याचं सोंग करायचे. मग ते कापड पुन्हा भरायचं, दोरा बांधायचा, शिशाचं सील दाबायचं. गेली काही वर्षं बाबांच्या पाठीवरचं सील माझं असतं. माझ्या सीलशिवाय त्यांना कुठल्याच मैदानावर विमानात घेत नाहीत.

घडी करताना मधे कुणी बोललं, हात थांबला, मन जरा जरी हललं, तर शंका आली की उलगड, हे आमच्या घरातलं पहिलं वाक्य. आई आणि बाबा हे शब्द मी त्यानंतर शिकले असं बाबा सगळ्यांना सांगतात. तुझ्या घरी चादरीपाशी बसून ते तेच करत होते गं. त्यांना कुणाचं बोलणं ऐकू येत होतं ते मला ठाऊक नाही. पण शंका आल्यावर त्यांनी एकदाही ती चादर तशीच गुंडाळून ठेवली नाही.

तर हँडल बाबाच ओढतील. बेडूक उडेल, ते दचकतील, मी हसेन. तेवढं मी करू शकेन असं वाटतं. मग कापड टेबलावर पसरेन आणि तसंच राहू देईन. दोरा बांधणार नाही, सील दाबणार नाही. ते विचारतील की थांबलीस का. तेव्हा मी त्यांना सांगेन की मला शंका आली आहे. कापडाची नाही. त्यांची. आणि पट्ट्यांचं, चादरीचं, बाईंचं, सोट्याच्या जोडउडीचं, सगळं सांगेन, काही गाळणार नाही. ते चिडतील. कदाचित मला टेबलावरून उठवतील. कदाचित त्यांना ते दुसऱ्या दिवशी आठवणार नाही आणि मला पुन्हा सांगावं लागेल, पहिल्यापासून. तेही करेन.

चहा आधीच करून ठेवेन. आईसारखं एका वाक्यात मला जमणार नाही.

बुधवारी निघताना त्यांचं मफलर पिशवीत वर ठेव, तळाशी गेलं की ते नसल्यासारखं करतात. आणि त्यांना माझ्या पत्रातलं काही सांगू नकोस. हे माझ्या तोंडून जायला हवं.

माझ्यावरचा राग संपला असेल तर थोडा शिल्लक ठेव, बाबांच्या वतीने लागेल. लोभ मात्र सगळा दे.

तुझी,
भाची

ता. क. दिवस लिहायचा राहिला, आणि लिहिला नाही तर मी तो पुढे ढकलेन. बाबा बुधवारी रात्री पोचतील, दमलेले असतील, तेव्हा नको. गुरुवारी सकाळी, चौदा नोव्हेंबरला.