टेबलावरून उचल

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. तुम्ही शिकवायचात चांगलं, असं सगळे म्हणतात. म्हणू देत. फिटरच्या वर्गातला पहिला दिवस मला अजून दिसतो. तुम्ही एकेकाच्या हातात कानस देताय, मूठ त्याच्याकडे करून, आणि वर सांगताय, "हत्यार देताना नेहमी मूठ पुढं." माझी पाळी येते. मी हात पुढे करते. तुम्ही कानस टेबलाच्या कडेला ठेवता आणि म्हणता, "हात खाली घे. टेबलावरून उचल." पाड्यावरून आलेली मी एकटीच होते. कुणी हसलं नाही, कारण कुणाला त्यात वेगळं काही दिसलंच नाही. घरी आईला सांगितलं तर ती चुलीपुढूनच म्हणाली, "देतो ना? मग झालं. आपून हात पुढं करायचा नाय, गो." तिच्यावर चिडावं तर तीही जन्मभर तशीच उचलत आली होती.

पुढे टेबल भरलेलं असलं की तुम्ही वस्तू वरून सोडायला लागलात आणि मी खाली ओंजळ धरायला शिकले. एकदा मापं घ्यायचा व्हर्नियर सोडलात तो माझ्या बोटांवर आपटून फरशीवर पडला, त्याचा जबडा वाकला. "धरता येत नाय? हात फुटके हायत का?" भर वर्गात विचारलंत. चूक माझी, असं माझ्याकडून लिहून घेतलंत आणि प्रॅक्टिकलला बसू दिलं नाहीत. माझं अख्खं वर्ष गेलं.

आता मी मुरबाडला एका कारखान्यात आहे, धसईहून बसनं जाते. गेल्या महिन्यात आमच्या लाइनवर रोबो आला. नुसता हातच आहे तो. दोन किलोचं बिडाचं झाकण पेटीतून उचलतो आणि आपल्यासमोर धरतो. आपण धरून जरा ओढलं की त्याला कळतं, मग तो पकड हळूहळू सैल करतो. ओढ लागली नाही तर सोडतच नाही, कुणाच्या पायावर पडू नये म्हणून. सगळ्यांना तो नीट देत होता. माझ्यापाशी अडायचा. बसवायला आलेल्या इंजिनिअर मुलीनं तीनदा सगळं तपासलं.

"ताई, ओढा ना."

"धरलंय की."

"कुठं धरलंय? हात खाली पसरलाय तुम्ही. तो वरून टाकेल म्हणून थांबलात का?"

तिनं मोबाइलवर काढलेला फोटो मला दाखवला. चाळिशीची बाई, दोन्ही तळवे जोडलेले, झाकणाच्या वीतभर खाली, मान थोडी वाकलेली, पाय मागे. सर, ती मी होते. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. त्या वेळी तुम्ही समोर असतात तर मी काय केलं असतं, ते लिहीत नाही.

दुपारभर मी एकटीनं सराव केला. हात वर, धर, ओढ, घे. पुन्हा. दंड भरून आले. त्या यंत्राचं मला कौतुक नाही. पण त्याला माणसाच्या हातात वस्तू द्यायला शिकवण्यासाठी तीन माणसं महिनाभर राबली. तुम्हाला ते येत होतं, सर. पहिल्याच दिवशी मी पाहिलं होतं.

शहापूरला तुमच्या मुलाचं घर मला माहीत आहे. हे पत्र तिथं टाकणार नाही. त्यानं वाचून माफी मागितली तर मला ती घ्यावी लागेल. आणि एक. जाताना त्या मुलीनं विचारलं, "ताई, हात असा खाली का राहत होता?"

मी म्हटलं, खांदा दुखतो.