कूस बदल, हिरा

१२ जानेवारी २००९, सोमवार
पुन्हा तेच! पुस्तक उघडलं, दोन पानांत डोळे मिटले. हे गेल्यापासून असंच चाललंय. दुःखाने होत असेल, असं मी धरून चालले होते. पायल म्हणते, "आई, दुःखाने माणूस घोरत नाही. परवा सुट्टीला घरी होते, तर भिंत हलत होती." पोरीची कंपनीत रात्रपाळी. एरवी ऐकणार कोण!

१५ जानेवारी
कान-नाक-घशाच्या दवाखान्यात गेलो. पूर्वा म्हणून शिकाऊ डॉक्टर आहे. "झोपेत श्वास अडकतो का?" — मला कसं कळणार बाई, मी झोपलेली असते! "शेजारी कोण झोपतं?" कोणी नाही म्हटलं. तिने पेन खाली ठेवलं.
हे असते तर सांगितलं असतं. रोज रात्री कितीदा तरी खांदा हलवायचे — "हिरा, कूस बदल." मी चिडायचे. आणि सकाळी विहारात वंदना संपायच्या आत हे पेंगायला लागायचे. सगळे हसायचे. मीसुद्धा.

१९ जानेवारी
पूर्वाचे मोठे डॉक्टर सुदर्शन सर शनिवारी बाहेरगावच्या डॉक्टरांना घोरण्याची शस्त्रक्रिया शिकवणार आहेत. औषधाने झोपवायचं, नाकातून बारीक दुर्बीण घालायची, घसा कुठे मिटतो ते पडद्यावर सगळ्यांना दाखवायचं. मग तिथे कापायचं. तुमच्यावर दाखवू का, विचारलं. पायल भडकली — "तू काय प्रदर्शन आहेस?" मी म्हटलं, शिकू देत. मीही मिळेल ते वाचूनच शिकले.
भीती वाटते. पण वाचन गेलं तर मला उरतं काय?

२३ जानेवारी
उद्या! मंडईतून भाजी आणून निवडून ठेवली. पायलला पुरेल.

२५ जानेवारी, रविवार
कापलं नाही! पूर्वाने नंतर सगळं सांगितलं. मी उताणी होते तोवर घसा मिटत होता, श्वास थांबत होता. कुठे कापायचं याची चर्चा चाललेली. सर म्हणाले, "आता कुशीवर करून बघा." पूर्वाने खांद्याला हात लावला. मी गुंगीत म्हटलं म्हणे — "वळते हो. झोपा आता तुम्ही." आणि आपणहून वळले. सगळे डॉक्टर हसले. मग पडद्यावर घसा उघडलेला दिसला, श्वास मोकळा. कोणी हसेना.
पूर्वा म्हणाली, "काकू, कुशीवरच झोपत जा. पाठीशी काहीतरी लावा, म्हणजे उताण्या होणार नाही."

२ फेब्रुवारी
यांची उशी कपाटातून काढली. आठवडाभर पाठीशी लावून झोपतेय. आज दुपारी अख्खं प्रकरण वाचून झालं, डोळे मिटले नाहीत.
पुस्तक मिटलं आणि एकदम कळलं — हे विहारात का पेंगायचे.