पस्तीसपट लहान

४ फेब्रुवारी, मंगळवार
खोकं आलं. आत दोनशे चौदा तुकडे असायला हवेत. दोनदा मोजले – एक चाक कमी. सुरुवातच अशी!

ही कल्पना वकिलांची. "ताई, अपील ऐकणाऱ्या मंडळावरच्या निम्म्या लोकांनी ही गाडी आतून पाहिलेली नसते. तोंडी सांगून डोक्यात शिरत नाही. एक छोटं मॉडेल आणा, बोट ठेवून दाखवू." त्यांना दुकानातलं तयार खेळणंसुद्धा चाललं असतं. मला नाही चालत. अठरा वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते आहे, अर्धवट काम हातून होतच नाही.

बारक्याला खोकं दाखवलं. झाकणावर त्याचीच गाडी – चिलखती, हिरवी, नदीत पोहणारी. पस्तीसपट लहान. बघत राहिला. म्हणाला, "आमच्या गाडीला एवढी चमक नव्हती." आणि भांडी घासायला निघून गेला. अपघातानंतरच्या चौदा महिन्यांत माझा भाऊ गाडीबद्दल एवढंच बोलला आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
खालचा भाग जोडला. गाडीच्या पोटाला दोन भोकं असतात. मॉडेलमध्ये टाचणीच्या डोक्याएवढी, खऱ्या गाडीत मुठीएवढी. जमिनीवर असताना ती उघडी ठेवायची, आत साचलेलं पाणी निघून जावं म्हणून. नदीत उतरण्याआधी ड्रायव्हरने तिथे बुचं लावायची. बुचांना आटे असतात, किल्लीने आवळायची. पाच मिनिटांचं काम.

सगळं त्या पाच मिनिटांवर अडलंय. चौकशीचा निकाल असा – ड्रायव्हरने बुचं लावली नाहीत, गाडी नदीच्या मध्यावर बुडाली, मागे बसलेले तीन जवान गेले, वरच्या झाकणातून ड्रायव्हर वाचला. ड्रायव्हर, म्हणजे बारक्या, बडतर्फ. आमचं म्हणणं असं – बुचं लावली होती. पाणी मागच्या दाराच्या कुजलेल्या रबरातून शिरलं. गाडी वर काढल्यावर आतलं पाणी सोडायला क्रेनवाल्यांनीच बुचं काढली आणि हरवली. अपिलाची सुनावणी १२ मार्चला.

बारक्याचं म्हणणं, "आठवत नाही." चौकशीत तेच, घरात तेच. मी विचारणं सोडून दिलं. शाळेत असताना सायकलला कुलूप लावलं की नाही हे बघायला हा दोनदोनदा परत जायचा. असा माणूस बुचं विसरतो? मी नाही मानत. मेले तरी मानणार नाही.

दोन्ही बुचं चिमट्याने उचलून गोंदाने बसवली. श्वास रोखून धरला होता ते नंतर लक्षात आलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
हरवलेलं चाक लॅबमध्ये घडवलं, हिरड्यांच्या गुलाबी प्लास्टिकचं. वर रंग चढल्यावर कोण बघतंय. मालकांनी विचारलं, "हा कुणाचा दात?" म्हटलं, "राक्षसाचा."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
बाजाराच्या कोपऱ्यावरून मी जात नाही. तिथे शिंप्यांचं दुकान आहे. तिघांतला एक त्यांचा मुलगा. आज पाय दुखत होते म्हणून जवळचा रस्ता धरला आणि नेमके ते बाहेर आले, गळ्यात टेप तशीच.

"ताई, भांडायला नाही आलो. तुमच्या भावाला एकदा पाठवा. काय झालं तेवढं सांगू दे. सगळे नुसते कागद पाठवतात, माणूस म्हणून कुणी काही सांगत नाही."

मी म्हटलं, "जे बोलायचं ते वकिलांशी बोला." आणि चालू लागले. त्यांनी मागून शिवी दिली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

बारक्याला जेवताना सांगितलं. ताट तसंच टाकून उठला. सांगायला नको होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार
आज रंग. आधी सगळीकडे गंजाचा तपकिरी. त्यावर पाणी शिंपडून मिठाचे खडे. वरून हिरवा. वाळल्यावर मीठ घासून काढलं की जागोजागी रंगाचे टवके उडाल्यासारखं दिसतं, खालून गंज डोकावतो.

बारक्या स्टूल ओढून शेजारी बसला. आपणहून! "मीठ कशाला?" सांगितलं. थोड्या वेळाने म्हणाला, "तिथे टवके नाही उडत, ताई. पाय इथे पडतो, चढताना. सगळ्यांचा डावा पाय." मी तिथे घासलं. मग म्हणाला, "या कडेला जास्त. इथे पाना आपटायचा." तासभर तो सांगत होता, मी घासत होते. मीठ निघत होतं आणि खालून त्याची गाडी वर येत होती. एवढं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

मग माझी घाई नडली. सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि ती बुचं कशी लावायची रे? बसून, का वाकून?" स्टूल पुन्हा भिंतीशी गेलं. मीही एक मूर्ख.

२० फेब्रुवारी, गुरुवार
एकाच माणसाच्या दोन दाढा दोन रंगांच्या करून ठेवल्या. लक्ष नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरकडे तीन हेलपाटे घातले, शेवटी फोटो मिळाला. छापून कधी आलाच नाही, चौकशीच्या कागदांतही नाही. गाडी क्रेनला लटकलेली – नाक वर, शेपूट खाली, खाली नदी. अंगातून पाणी गळतंय. अजून तिला कुणाचा हात लागलेला नाही. मोठा करून घेतला, टेबलभर.

वकिलांना फोनवर सांगितलं, मॉडेल अगदी फोटोबरहुकूम रंगवते, चिखलाच्या थरासकट. ते खूश. "तुमच्यासारखी बहीण सगळ्यांना मिळो," म्हणाले. फोन ठेवल्यावर थोडी रडले. बरं वाटलं म्हणून.

२ मार्च, रविवार
दोन्ही बाजू झाल्या. कोरड्या रंगाची पूड, थोडं पाणी, ब्रशने थापायचं. दिसायला पोरखेळ, पण नाकी नऊ येतात. चिखल कुठेही फासून चालत नाही. दातावरचा डागसुद्धा उगाच पडत नाही. चहाचा वेगळा, तंबाखूचा वेगळा, रागाने दात खाणाऱ्याची झीज वेगळी. डाग का पडला हे कळलं नाही तर तो रंगवता येत नाही. लॅबमध्ये नव्या मुलींना मी हेच शिकवते. इथे चिखल जाड का? कारण इथे गाडी नदीच्या तळाला टेकली. इथे पातळ का? इथे प्रवाह लागला. प्रत्येक ठिकाणी विचारायचं, मग ब्रश टेकवायचा.

उद्या पोट. मग संपलं.

३ मार्च, सोमवार
कामावर जायच्या आधी पोट रंगवायला घेतलं. फोटोत तो भाग अंधारलेला, म्हणून लॅबचं भिंग आणलं. भोकांच्या जागी नुसते काळे ठिपके, बूच आहे की नाही ते दिसत नाही. बाकी सगळीकडे चिखलाचा सारखा थर. त्यात दोन स्वच्छ ओघळ, चिखल धुऊन निघालेले. ओला ब्रश वरून खाली ओढला – एक सरळ, दुसरा जरा तिरका. फार छान जमले.

मग नेहमीची सवय. हा ओघळ इथे का? पाणी वाहिलं म्हणून. कुठून वाहिलं?

दोन्ही ओघळ त्या भोकांपासून सुरू होतात.

ब्रश धुतला. डबा भरला. कामावर गेले.

६ मार्च, गुरुवार
तीन दिवस स्वतःशीच वकिली चालली आहे.

बुचं सैल झाली असतील. – आटे आहेत, किल्लीने आवळलेली. एखादं दगडावर आपटून निघालं असेल. – आणि दुसरं? क्रेनवाल्यांनी काढली. – गाडी हवेत लटकते आहे, कोण काढणार? पुन्हा भिंग घेऊन बघते. ओघळ तिथेच. दार बंद, दाराच्या रबराखाली चिखल जसाच्या तसा.

चौदा महिने मी त्याच्यासाठी सगळ्यांशी भांडले. मामाशी बोलणं तोडलं, कारण तो एकदाच म्हणाला होता, "चूक होते माणसाच्या हातून." आता राग येतो बारक्याचा. मग माझा. फिरून त्याचा. रात्री वाढताना आमटी ताटाबाहेर सांडली, तर तो म्हणतो, "ताई, तू दमतेस. मी वाढून घेतो." असा बोलतो, आणि तीन मुलं बुडाली. त्या तिघांचा मी आजवर नीट विचारच केला नव्हता. माझं एक वाचलं, त्यालाच कवटाळून बसले होते.

८ मार्च, शनिवार
त्याला विचारावं असं दहादा ठरवलं. जीभ रेटत नाही.

९ मार्च, रविवार
ओल्या कापसाने दोन्ही ओघळ पुसले. वर चिखलाची पूड दाबली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. फोटो गुंडाळून कपाटात, चादरींच्या खाली. फोटोग्राफर सोडला तर तो नीट फक्त मी पाहिला आहे. खोटं खऱ्यासारखं करणं हा तर माझा धंदाच.

वळले तर बारक्या दारात. केव्हापासून, कोण जाणे. "झालं?"

"झालं."

आत आला, गाडी उचलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हात लावला तिला. उलटी केली, पोटाकडे बराच वेळ पाहिलं आणि जपून खाली ठेवली. "छान झालीय, ताई." माझ्याकडे पाहिलं. मी ब्रश धुवायला गेले, धुतलेलेच होते तरी.

त्याला कळलं की मला कळलंय. आता या घरात त्याच्यावर विश्वास ठेवणारं कुणी नाही, आणि हे त्याला माझ्या हातून कळलं. फार वाईट झालं.

१० मार्च, सोमवार
आम्ही एकमेकांशी फार गोड बोलतो आहोत. पंखा लावू का. पाणी आणू का. आई गेली तेव्हासुद्धा इतकं गोड बोललो नव्हतो.

वकील येऊन मॉडेल बघून गेले. म्हणाले, "हे टेबलावर ठेवलं की अर्धं काम झालं." बारक्या चहा देत होता. त्याने एवढंच विचारलं, साखर हवी का.

हरलो तर तो संपला. जिंकलो तर रोज सकाळी उठून तो आणि मी समोरासमोर बसणार. यापलीकडे मला काही दिसत नाही.

११ मार्च, मंगळवार
गाडी खोक्यात, कापसात गुंडाळून ठेवली. उद्या दहाला. देवाकडे काही मागितलं नाही, तोंडच नाही मागायला.

१२ मार्च, बुधवार
उठले तर बारक्या नाही, खोकं नाही. रंगांच्या बाटल्या उघड्या. चादरी जमिनीवर, फोटोही नाही. साडेदहापर्यंत वकिलांचे सात फोन – "तुमचा भाऊ आलाच नाही!"

तो बाजाराच्या कोपऱ्यावर सापडला. शिंप्यांच्या कापड बेतायच्या टेबलावर गाडी उलटी ठेवली होती. पोटावर दोन ओघळ, मी काढलेल्यांपेक्षा जाड, पण बरोबर भोकांपासून निघालेले. मी पायरीवरच थांबले. बारक्या सांगत होता, "मी बुचं लावली नाहीत, काका. उशीर झाला होता. म्हटलं, पाणी उथळ आहे, जाऊ निघून."

शिंप्यांनी दोन्ही हातांनी गाडी सरळ केली. "माझा कुठे बसला होता?"

बारक्याने मागच्या दारावर बोट ठेवलं. "इथे. शेवटपर्यंत तोच आतून ठोकत होता."